सुखोईला पुढे छोटे पंख आहेत, तेजसला का नाहीत? काय असतात ‘कॅनार्ड’?

रांजणगावहून पुण्याकडे येताना वाघोलीच्या पुढे उजव्या हाताला लोहगावचा हवाईतळ येतो. सुखोई-30 एमकेआय ही लढाऊ विमानं 2002 मध्ये हवाई दलात दाखल झाली ती इथेच. या विमानाचा फोटो नीट पाहिला, तर मुख्य पंखांच्या पुढे दोन छोटे पंख दिसतात. त्यांना ‘कॅनार्ड’ म्हणतात. तेजसला मात्र ते नाहीत. मग तेजस कमी चपळ आहे का?

कॅनार्ड काय करतात?

विमानाचं नाक वर उचलायचे दोन मार्ग आहेत. एक तर शेपूट खाली दाबायची किंवा नाक पुढून उचलायचं. शेपूट खाली दाबली की एकूण लिफ्टमधला काही भाग वाया जातो. कॅनार्ड पुढून वर उचलतात, त्यामुळे त्यांचं बल लिफ्टमध्ये जमा होतं.

दुसरा फायदा भोवऱ्यांचा. नाक खूप वर केलं की पंखावरची हवा सुटू लागते आणि लिफ्ट कोसळते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. कॅनार्डच्या कडेवरून निघणारे हवेचे भोवरे मुख्य पंखावरची हवा धरून ठेवतात. त्यामुळे विमान अधिक तीव्र कोनातही उडू शकतं. सुखोईला शेपटीचे पंख आणि दिशा बदलणारे इंजिनाचे नॉझलही आहेत. तिची चपळता या सगळ्यांची मिळून आहे.

तेजसचं गणित वेगळं

तेजसचा पंख त्रिकोणी, म्हणजे ‘डेल्टा’ आहे. हा पंख क्षेत्रफळाने मोठा असतो आणि ध्वनीपेक्षा जास्त वेगात हवेचा अडथळा कमी ठेवतो. भोवरे तो स्वतःच तयार करतो. पण शेपटीचे पंख नसल्याने नाक उचलायला पंखाच्या मागच्या पट्ट्या वर कराव्या लागतात. त्यात लिफ्ट घटते आणि सलग वळणं घेताना वेग लवकर उतरतो.

त्यावर उपाय म्हणून तेजस मुद्दाम अस्थिर बनवलंय. मागे जास्त माल भरलेली बैलगाडी उलाळते, तसं त्याचं नाक आपसूक वर जाऊ पाहतं. संगणक ते सतत सावरतो. त्यामुळे वळायला कमी जोर लागतो.

मग चांगलं कोणतं?

कॅनार्ड फुकट मिळत नाहीत. वजन वाढतं, हवेचा अडथळा वाढतो आणि रडारपासून लपणं अवघड होऊ शकतं. रशियाने नंतरच्या सुखोई-35 एसमधून कॅनार्ड काढून टाकले. अमेरिकेच्या एफ-22 आणि एफ-35 ला ते नाहीत. फ्रान्सच्या राफेलला आणि चीनच्या जे-20 ला आहेत. तेजस मार्क-2 च्या आराखड्यातही कॅनार्ड आहेत.

नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई तयार झाली आणि आता तिथेच तेजस मार्क-1ए बनतंय. त्यामुळे ‘कॅनार्ड नाहीत म्हणजे विमान मागासलेलं’ अशी पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी थांबा. पंखांची रचना विमानाला कोणतं काम करायचंय यावरून ठरते.