बुलढाणा आणि परिसरातील प्रेक्षणीय स्थळे

सहलीचा विचार करताना आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात प्रथम जुने गोवे येते किंवा वसईचा किल्ला येतो. पोर्तुगीज काळातील चर्चेस, मठ आणि तटबंदी यांमुळे ही ठिकाणे ख्रिस्ती भाविकांच्या परिचयाची आहेत. विदर्भाच्या पश्चिम टोकाला असलेल्या बुलढाण्याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. हेही वसाहतकाळात घडलेले गाव आहे. पण येथे पोर्तुगीज नव्हते, इंग्रज होते, आणि त्यांनी येथे किल्ला बांधला नाही, कचेरी उघडली. त्यामुळे बुलढाण्याची सहल निराळ्या दृष्टीने करावी लागते. ती कशी करावी, काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

नाव आणि इतिहास

बुलढाणा हे नाव ‘भिल्ल ठाणे’ यावरून पडले, असे समजले जाते. गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१९० फूट उंचीवर वसले आहे. खालच्या मैदानाच्या मानाने येथील हवा थंड असते. जिल्ह्याचे लोक आजही ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग मानतात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी, कापसाची जमीन आहे. घाटावर पठार आहे, आणि पैनगंगा नदीचा उगम याच डोंगररांगेत होतो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६४ मध्ये या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रथम नैर्ऋत्य वऱ्हाड, मग मेहकर, आणि १८६७ पासून बुलढाणा अशी त्याची नावे बदलत गेली. १९०२ च्या करारानुसार वऱ्हाड इंग्रजांकडे कायम भाडेपट्ट्याने गेला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडला गेला. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

कापूस, रेल्वे आणि खामगाव

बुलढाण्यातील कचेरी कशासाठी होती, हे समजून घ्यायचे असेल तर घाट उतरून खामगावला जावे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या मार्गाने १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे आठ मैलांचा स्वतंत्र फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय आले, यावरून खामगावच्या कापूस बाजाराचे महत्त्व कळते.

आज खामगाव चांदीच्या व्यवसायासाठीही ओळखले जाते. बाजारपेठेत फेरफटका मारावा आणि सायंकाळी जनुना तलावाकडे जावे. परंतु येथे येणाऱ्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कापसाची शेतेही पाहावीत, असे आम्हांस वाटते. बाजाराच्या भावावर अवलंबून राहिलेल्या या प्रदेशाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ सोसले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. वसाहतकाळाचा वारसा इमारतींपेक्षा या शेतांमध्ये अधिक दिसतो, आणि त्याचे ओझे अजून उतरलेले नाही.

लोणार सरोवर

जिल्ह्यातील सर्वांत विलक्षण स्थळ म्हणजे लोणार. बुलढाण्याहून चिखली आणि मेहकरमार्गे ते सुमारे ९० किलोमीटरवर आहे. अंतराळातून आलेला अशनी बेसाल्ट खडकावर आदळून हे विवर निर्माण झाले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर आहे. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. नंतरच्या अभ्यासातून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे मत पुढे आले. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. परंतु स्थानिक लोकांना आणि आपल्या जुन्या ग्रंथांना ते फार पूर्वीपासून ठाऊक होते.

सरोवराचे पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते अचानक गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष इकडे वेधले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांच्या, म्हणजे रामसर यादीत स्थान मिळाले.

विवराच्या काठावरून संपूर्ण सरोवर एका दृष्टिक्षेपात दिसते. खाली उतरणारी वाट दाट झाडीतून जाते. तेथे मोरांचे आवाज ऐकू येतात. उतारावर आणि काठावर अनेक प्राचीन मंदिरे आहेत. त्यांत कमळजा देवीचे मंदिर प्रसिद्ध आहे. वरच्या बाजूस गोमुखातून गोड्या पाण्याची धार वाहते. गावातील दैत्यसूदन मंदिराचे कोरीव काम आवर्जून पाहावे. विष्णूने लवणासुराचा वध केल्याच्या कथेशी ते जोडलेले आहे.

लोणारला जाणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. या सरोवराचे सारे वैशिष्ट्य त्याच्या पाण्याच्या समतोलावर अवलंबून आहे. साबण, प्लास्टिक, निर्माल्य, उरलेले अन्न यांतील काहीही तेथे टाकू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून सृष्टीला आपले सामाईक घर म्हटले. त्या शिकवणुकीचे पालन करण्याची संधी लोणारइतकी स्पष्टपणे क्वचितच मिळते. सहलीला येणाऱ्या मुलांच्या हाती एक रिकामी पिशवी द्यावी आणि आपला कचरा आपणच परत आणावा.

सिंदखेडराजा

राजमाता जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी येथे झाला, असे मानले जाते. त्यांचे पिता लखुजी जाधव यांचा राजवाडा, त्याचे भव्य प्रवेशद्वार, रंगमहाल, मोती तलाव आणि नीळकंठेश्वर मंदिर ही येथील मुख्य स्थळे होत. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात लखुजी आणि त्यांच्या पुत्रांची हत्या झाली. लखुजींची विशाल समाधी येथे आहे. २०२४ मध्ये या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्यास उत्खननात शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती मिळाली. १२ जानेवारीस येथे प्रचंड गर्दी असते; शांतपणे पाहायचे असल्यास ती तारीख टाळावी.

याच तालुक्यातील साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि निजामाच्या स्वतंत्र सत्तेची सुरुवात झाली. पुढे वऱ्हाड इंग्रजांच्या हाती देणारी राजवट ती हीच.

इतर स्थळे

मेहकर येथे १८८८ मध्ये सापडलेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातील भव्य मूर्ती आहे. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड येथे १५८२ मधील मशीद आहे. शेगाव हे संत गजानन महाराजांचे स्थान. ते १८७८ मध्ये येथे प्रकटले, असे भक्त मानतात. १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली. तेथील स्वच्छता आणि सेवेकऱ्यांची शिस्त आपल्या यात्रास्थळांनीही अभ्यासावी अशी आहे. बुलढाण्याजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक येतात.

बुलढाणा-खामगाव रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. बिबटे आणि अस्वले हे येथील रहिवासी. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक चालून येथे पोहोचला, तेव्हा हे छोटे जंगल देशभर माहीत झाले. या रस्त्याने वाहन सावकाश चालवावे.

ख्रिस्ती खुणा

बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. त्यापूर्वी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघातील मिशनऱ्यांनी मध्य भारतात सेवा केली. वऱ्हाडात प्रोटेस्टंट अलायन्स मिशनचे कार्यही मोठे आहे. येथे जुन्या गोव्यासारखी भव्य मंदिरे शोधू नयेत. आपली संख्या अल्प आहे आणि आपला वारसा शाळा, दवाखाने व छोट्या प्रार्थनामंदिरांतून दिसतो. जेथे जुनी ख्रिस्ती दफनभूमी आढळेल, तेथे क्षणभर थांबून मृतांसाठी प्रार्थना करावी. शिलालेखांवर खडू घासू नये, दगड हलवू नयेत. छायाचित्र घेतले तरी नोंद राहते. रविवार प्रवासात येत असेल तर ख्रिस्तयागाची वेळ अमरावती धर्मप्रांताकडे आधी विचारून घ्यावी.

अन्य धर्मीयांच्या मंदिरात किंवा दर्ग्यात जावे का, असा प्रश्न काही भाविक विचारतात. १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राने ख्रिस्तसभेला अन्य धर्मांतील सत्य आणि पावित्र्य आदराने पाहण्यास सांगितले आहे. पादत्राणे काढावीत, तेथील नियम पाळावेत, कुणाच्या पूजेत व्यत्यय आणू नये. आदर दाखविल्याने आपली श्रद्धा उणी होत नाही.

प्रवासाची आखणी

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर स्थानक बुलढाण्यासाठी सोयीचे आहे. तेथून मोताळा आणि राजूर घाटमार्गे सुमारे ४५ किलोमीटर अंतर आहे. शेगावही याच मार्गावर आहे. तीन दिवस हाती असल्यास पहिल्या दिवशी राजूर घाट व बुलढाणा, दुसऱ्या दिवशी चिखली, मेहकर, लोणार आणि परतताना सिंदखेडराजा, तर तिसऱ्या दिवशी ज्ञानगंगामार्गे खामगाव व शेगाव असा क्रम ठेवावा. दुसरा दिवस लांबचा असल्याने पहाटे निघावे. वृद्ध सोबत असल्यास लोणारला मुक्काम करावा. पावसाळ्याच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात घाटाखाली कडक ऊन असते.

मेहकर आणि सिंदखेडराजा परिसरातून समृद्धी महामार्ग जातो. त्यामुळे प्रवास जलद झाला आहे, पण १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, हे विसरता येत नाही. रात्रीचा प्रवास टाळावा, चालकाला पुरेशी विश्रांती द्यावी आणि निघण्यापूर्वी सर्वांनी मिळून प्रार्थना करावी.

बुलढाण्यात एखादे भव्य स्मारक आपली वाट पाहत नाही. येथे अवकाशातून आलेल्या दगडाने केलेले सरोवर आहे, एका मातेचे जन्मस्थान आहे, आणि कापूस पिकवणारी काळी जमीन आहे. धर्मग्रामातील कुटुंबांनी, विशेषतः तरुणांनी, एकदा तरी हा जिल्हा पाहावा. परतल्यावर येथील शेतकऱ्यांची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवावी.