गोळ्या घेऊनही मूल फिकटच का?

समजा, गणपतीपुळ्याच्या एखाद्या शाळेतील मूल फिकट दिसते, लवकर थकते. लोहाच्या गोळ्या देऊनही फरक पडत नाही. 'नीट जेवत नसेल' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण खाल्लेले अंगी लागतच नसेल तर? या प्रश्नाचा इतिहास पाहू.

याच रत्नागिरी जिल्ह्यातून पूर्वी हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेली. गिरणगावात, परळच्या हाफकिन संस्थेत, 1928 साली ल्युसी विल्स या ब्रिटिश संशोधिका आल्या. गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी होणारा तीव्र रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. 'पर्निशस ॲनिमिया' या रोगातही त्या तशाच दिसतात. विल्स यांनी यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि रुग्ण सुधारले. हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलिक आम्ल. येथे दोष आहारात होता.

पर्निशस ॲनिमियाची गोष्ट मात्र वेगळी. 1929 साली अमेरिकेत विल्यम कॅसल यांनी दाखवले की, या रुग्णांना नुसते मांस देऊन उपयोग होत नाही. निरोगी माणसाच्या जठररसात मिसळून दिले की होतो. म्हणजे दोष जठरात होता. मांसातील घटक, जीवनसत्त्व ब-12, 1948 साली वेगळा करण्यात आला. 1960 च्या सुमारास मूळ कारण उमगू लागले: शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच जठराच्या अस्तरावर हल्ला करते.

मुलांत हा रोग विरळा, म्हणून तो चटकन ध्यानात येत नाही. ब-12 चा यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे मोठ्या पेशी उशिरा दिसतात. जठरातील आम्ल घटल्याने लोहाचे शोषण मात्र आधीच मंदावते. म्हणून गोळ्यांना न जुमानणारा रक्तक्षय हीच बहुधा पहिली खूण ठरते. थायरॉइडचा विकार किंवा बालवयातील मधुमेह असेल तर संशय बळावतो. रक्तातील प्रतिपिंडे आणि दुर्बिणीतून घेतलेला जठराच्या अस्तराचा तुकडा तपासून निदान पक्के होते. ब-12 कमी असताना केवळ फोलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

बहुतेक मुलांत कारण साधेच असते: अपुरा आहार किंवा जंत. तरीही गोळ्या नियमित घेऊन मूल फिकटच राहिले, तर किती गोळ्या, किती दिवस घेतल्या याची नोंद देऊन आपण त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. निदानाची सुरुवात त्या नोंदीपासूनही होऊ शकते.