आंत्रनिर्गम, खच्चीकरणोत्तर (घोड्यातील)

घोड्याचे वृषण काढल्यानंतर आतडे जांघेतील नलिकेतून उतरून जखमेवाटे बाहेर येणे. क्वचितच घडते, घडले तर जिवावर बेतते.

मूळ शरीररचनेत आहे. वृषण पोटातून वृषणकोशात उतरताना उदरपटलाची एक पिशवी खाली येते. माणसात तिचे तोंड जन्माच्या सुमारास बुजते, घोड्यात ते आयुष्यभर उघडे राहते. त्यात स्राव वाहून जावा म्हणून खच्चीकरणाची जखम बहुधा शिवत नाहीत. भुलीतून उठण्याच्या धडपडीत पोटातील दाब वाढला की लहान आतड्याला आयती वाट मिळते. बहुतेक प्रसंग पहिल्या ४ ते ६ तासांतले असतात. आठवड्यानंतरचे अगदी विरळा. स्टँडर्डब्रेड, ओझे ओढणाऱ्या भारी जाती आणि शिंगरूपणी जांघेत अंतर्गळ झालेले नर यांना धोका अधिक. म्हणून शस्त्रक्रियेआधी जांघ चाचपणे आणि मालकाला जुना अंतर्गळ विचारणे, ही दोन मिनिटांची कामे टाळू नयेत.

लोंबणारे आतडे स्वतःच्या वजनाने ताणले जाते, आंत्रबंध फाटतो, जनावर त्यावर पायही देते. त्यामुळे घोड्याला शांत उभे ठेवून आतडे सलाइनने धुतात आणि ओल्या स्वच्छ चादरीच्या झोळीत उचलून धरतात. पुढचे काम सुसज्ज रुग्णालयाचे: पूर्ण भूल, घोडा उताणा, निकामी भाग कापून उरलेल्याची जोडणी. आतडे जितके लांब आणि वेळ जितका जास्त, तितकी आशा कमी. नुसती वपा बाहेर आली तर ती कापून टाकतात. मात्र मागोमाग आतडे येत नाही ना, हे गुदमार्गे तपासून.

प्रतिबंधासाठी पिशवी न उघडता, वृषणरज्जूसकट तिला टाक्याने बांधून घेण्याची ‘बंद’ पद्धत भरवशाची. रज्जू चिरडून कापणाऱ्या इमॅस्क्युलेटरच्या नुसत्या दाबावर विसंबता येत नाही. हे उपकरण उलटे धरले तर रज्जूच्या राहणाऱ्या टोकाची धमनी चिरडली न जाता नुसती कापली जाते आणि रक्तस्राव होतो. थेंब मोजता येतात तोवर थांबून पाहावे. पाव तासानंतरही धार असेल तर रक्तवाहिनी शोधून बांधावी.

खच्चीकरणानंतरच्या इतर गुंतागुंतींपैकी, उघड्या वाटेने जंतू पोटात शिरल्यास उदरपटलशोथ होतो, पण तोही विरळाच. रज्जूच्या टोकाला जुनाट संसर्ग होऊन कठीण, वाहती गाठ महिन्यांनी किंवा वर्षांनीही दिसते. उरलेल्या पिशवीत पाणी साठण्याचा प्रकार खेचरांत जास्त आढळतो.