होडीवरील जुनी अक्षरे काढताना

मुळा नदीवरील मुळशी धरणाचा जलाशय सह्याद्रीच्या कुशीत आहे. उन्हाळ्यातील कडक ऊन आणि पावसाळ्यातील संततधार यांचा परिणाम अशा ठिकाणच्या होड्यांवर लवकर दिसतो. बाजारात ‘रेडियम’ म्हणून ओळखली जाणारी चिकटपट्टीची अक्षरे काही वर्षांत कडक होऊन तडकतात. होडी विकली गेली किंवा तिचे नाव बदलले, की ती काढावीच लागतात. मात्र, घाईने सुरी किंवा पटाशी चालविल्यास नुकसान अक्षरांचे नव्हे, तर होडीचे होते.

फायबरच्या होडीवर ‘जेलकोट’ हा रेझिनचा चकचकीत थर असतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. हाच थर आतील काचतंतूंचे पाण्यापासून रक्षण करतो. त्यावर खोल चर पडल्यास पाणी आत झिरपू लागते.

अक्षरे काढण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे सौम्य उष्णता. प्रथम होडी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. हेअर ड्रायर सतत हलवत एकेक अक्षर कोमट करावे. पृष्ठभाग हात ठेवता येईल इतपतच तापवावा. डिंक सैल होताच कोपरा नखाने उचलून पट्टी स्वतःवरच दुमडत सावकाश ओढावी. तुकडे पडल्यास जुन्या एटीएम कार्डासारखी प्लास्टिकची पट्टी वापरावी.

उरलेला चिकटपणा फडक्यावर थोडे रॉकेल किंवा टर्पेंटाइन घेऊन पुसावा व जागा साबणाने धुवावी. ज्वालाग्राही द्रव आणि ड्रायर एकाच वेळी वापरू नयेत. ॲसिटोन व थिनर रंग विरघळवितात आणि ॲक्रिलिकच्या काचेला बारीक तडे पाडतात. म्हणून कोणताही द्रव आधी आडबाजूला वापरून पाहावा.

अक्षरांखालील भाग उन्हापासून झाकलेला राहिल्याने जुन्या नावाची गडद छाया शिल्लक राहते. आजूबाजूचा फिकट भाग रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने घासून मेण लावल्यास ती बरीच पुसट होते. जेलकोटवर रंगविलेली अक्षरे बाराशे क्रमांकाच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने थोडी थोडी घासावीत. लाकडी होडीवर मात्र अक्षरांबरोबर खालचा रंगही निघत असल्याने तेवढा भाग पुन्हा रंगविण्याची तयारी ठेवावी.

नोंदणी क्रमांक काढण्यापूर्वी विचार करणे आवश्यक आहे. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणीकृत यांत्रिक जलयानावर नोंदणीचिन्ह ठळकपणे असावे लागते. त्यामुळे केवळ नावच बदलायचे असेल, तर क्रमांकाला हात लावू नये.

हे काम होडी काठापासून दूर, ताडपत्रीवर घेऊनच करावे. मुळशीचे पाणी भिरा येथे वीजनिर्मितीनंतर कुंडलिका नदीत उतरते. काठावर सांडलेले रॉकेल किंवा घासलेल्या रंगाची भुकटी या पाण्यात मिसळू नये, एवढी काळजी अवघड नाही.