पाषाणाच्या कुळातले हिम

वसंताच्या तोंडाशी आल्प्समधल्या आडवाटेच्या खिंडी स्कीवरून ओलांडणारा जाणता प्रवासी, शंकेचा उतार समोर आला की, पाठीवरचे फावडे काढतो, त्याच दिशेला तोंड असलेली एखादी निर्धोक जागा हेरून तेथे खड्डा खणतो, खड्ड्याची एक भिंत साफ तासतो आणि तिच्यावरून बोट फिरवीत कठीण थर कोठे संपतो व भुसभुशीत कोठे लागतो याची तपासणी करतो. ही वहिवाट इतकी अंगवळणी पडली आहे की तिची वंशावळ कोणी विचारीत नाही. आणि विचारलीच तर स्कीबहाद्दरांनी जिवाची किंमत देऊन मिळविलेली ही विद्या आहे, असे ठरलेले उत्तर मिळते. मला हे उत्तर मान्य नाही. या खड्ड्याचे कुळ, माझ्या मते, पाषाणाचे आहे.

हा संशय मनात शिरला तो एका ग्रंथनामामुळे. बादर, हेफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जो ग्रंथ 1939 साली स्वित्झर्लंडात प्रसिद्ध झाला, त्याचे जर्मन नाव मराठीत ‘हिम आणि त्याचे रूपांतरण’ असे होईल. आणि रूपांतरण ही संज्ञा हवामानशास्त्राची नव्हे, चुनखडीचा संगमरवर कसा होतो हे सांगणाऱ्या भूविज्ञानाची आहे. ती हिमाच्या दारी आली कशी, याचा उलगडा त्या संशोधनाचे सूत्रधार कोण हे पाहिले की होतो. 1931 साली स्विस सरकारच्या आश्रयाने हिम व हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी जे मंडळ नेमले गेले, त्याच्या संशोधनाची सूत्रे झुरिकचे पाउल निग्ली यांच्या हाती आली, आणि हे गृहस्थ खनिजशास्त्राचे अध्यापक होते! स्फटिकांत आयुष्य घालविलेल्या माणसाला दावोसच्या वरच्या वाइसफ्लूयोखवर साचलेल्या हिमात, एकावर एक निक्षेपित झालेल्या आणि पडल्या जागी रूप पालटणाऱ्या थरांचा एक खडकच दिसावा, यात नवल ते काय?

आणि ही दृष्टी नुसती अलंकारिक नव्हती. खडकाला रूप पालटण्यासाठी प्रचंड उष्णता, दाब आणि युगे लागतात. हिम मात्र सदैव आपल्या वितळणबिंदूच्या उंबरठ्यावरच असल्यामुळे तोच व्यवहार काही दिवसांत उरकते. हिवाळ्यात तळाची जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वरची हवा त्याहून कितीतरी थंड असते; थर पातळ असून हा फरक मीटरमागे दहा अंशांच्या वर गेला, की खालच्या कणांतून निघालेली वाफ वरच्या कणांवर गोठू लागते आणि मूळच्या चांदण्या मोडून पैलूदार, पेल्याच्या आकाराचे, परस्परांशी सांधा न धरणारे स्फटिक तयार होतात. ते ओंजळीत घेतले तर भरड साखरेसारखे बोटांतून गळतात. वरचा घट्ट थर यांच्यावर विसंबून उभा असतो, आणि एका माणसाच्या भाराने तो निसटू शकतो.

दुसरा दुवा हेफेली यांचा. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात मृदायांत्रिकीचा विभाग सांभाळणाऱ्या या अभियंत्याने हिमाचा कठीणपणा मोजण्यासाठी चार सेंटिमीटर व्यासाच्या शंकूचे टोक असलेली पोलादी नळी घेतली. तिच्यावर वजन ठराविक उंचीवरून सोडायचे, किती ठोक्यांत ती किती उतरली ते टिपायचे, आणि त्या आकड्यांवरून थरांचा आलेख काढायचा. माझा कयास असा की, धरणाच्या पायासाठी माती ठोकून पाहणाऱ्या हातांनीच ही नळी हिमात ठोकली.

आता प्रतिस्पर्धी दावेदारांची कैफियत. योहान कोआझ या वनाधिकाऱ्याने 1881 मध्येच स्विस हिमस्खलनांवर ग्रंथ लिहिला होता. पण त्याचे लक्ष स्खलनांच्या वाटा, वनराई आणि बांध यांवर, म्हणजे हिमाच्या बाहेर होते. ऑस्ट्रियाचा माथियास झ्डार्स्की 1916 साली हिमाखाली गाडला जाऊन, 80च्या आसपास ठिकाणी हाडे मोडून वा निखळूनही जगला. त्याचा अनुभव मोठा, पण अनुभवाने पद्धत होत नाही. खरा अडचणीचा वादी विल्हेल्म पाउल्के. 1897 मध्ये बर्नच्या उंच प्रदेशातून स्कीवर पार गेलेल्या या जर्मनाने तळाच्या त्या सैल थराचा घातकीपणा स्वतंत्रपणे ओळखला होता, आणि अग्रमान त्याचा असे म्हणणाऱ्यांशी मी फार भांडणार नाही. पण पाउल्के पोटापाण्याने कोण होते? कार्ल्सरूहचे भूविज्ञानाचे अध्यापक! वादी जिंकला तरी फिर्यादीचा निकाल माझ्याच बाजूने लागतो.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे : 1945 पासून दावोसची हिमस्खलन-पत्रके, 1993 साली युरोपची समान पाच-अंकी धोकाश्रेणी. आपल्याकडे 1969 मध्ये मनालीस संरक्षण संशोधन खात्याची स्वतंत्र संस्था निघाली.

वसंतात मात्र या पाषाणकुळाची विद्या थोडी लंगडी पडते, हे कबूल केले पाहिजे. उन्हाचे पाणी झिरपून सगळा थर शून्य अंशावर आला, की कणांचे सांधे दुपारपर्यंत सुटतात, आणि सकाळच्या खड्ड्याचा दाखला दुपारी बाद होतो. तेथे घड्याळच खरे. निरभ्र रात्री वरचे कवच गोठते, ढगाळ रात्री गोठत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत हिमाचल-उत्तराखंडाच्या खिंडी चढणाऱ्या आमच्या गिर्यारोहकांनी पहाटेच्या अंधारात निघावे, ऊन तापण्याआधी उतार मागे टाकावा, आणि पहाटेच पाऊल घोट्याच्या वर रुतू लागले तर फावड्याला हात न लावता माघारी फिरावे.