विमानाचा सांगाडा आणि इंजिनाचा प्रश्न

शासनाच्या मालकीच्या कारखान्यात नवनिर्मिती कशी फुलते आणि कोठे अडते, हे पाहावयाचे असल्यास बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीचा इतिहास उद्बोधक ठरतो. १९४०च्या डिसेंबरात उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने ही कंपनी स्थापन केली. महायुद्धाच्या निकडीमुळे सरकारने तिचा कारभार लवकरच आपल्या हाती घेतला. युद्धकाळात परकीय विमानांची जुळणी आणि दुरुस्ती हेच तिचे मुख्य काम होते.

दुरुस्ती करणाऱ्या या कंपनीत स्वतंत्र आराखड्याची परंपरा रुजविण्याचे मोठे श्रेय डॉ. विष्णू माधव घाटगे यांना दिले पाहिजे. जर्मनीतील गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन केलेल्या या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली एच. टी. २ हे प्रशिक्षण-विमान सिद्ध झाले व ऑगस्ट १९५१ मध्ये ते आकाशात झेपावले. येथे साऱ्या गोष्टी जुळून आल्या होत्या. उद्दिष्ट आवाक्यातले होते, इंजिन ब्रिटनमधून तयार मिळत होते आणि वायुसेनेसारखा ग्राहक समोर होता.

या यशानंतर आकांक्षा वाढली. ध्वनीहून वेगवान लढाऊ विमान रचण्यासाठी १९५६ साली विख्यात जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या एच. एफ. २४ 'मारुत' विमानाने १७ जून १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. त्याचा सांगाडा ऑर्फियस १२ या अधिक शक्तिमान ब्रिटिश इंजिनासाठी आखलेला होता. ब्रिटनने त्या इंजिनाचा विकास सोडून दिला आणि त्याचा खर्च उचलण्यास भारत सरकार तयार झाले नाही. सोव्हिएत व इजिप्शियन इंजिनांचे पर्यायही फलदायी ठरले नाहीत. अखेर कमी शक्तीच्या ऑर्फियसवरच मारुतची बोळवण झाली. एकूण १४७ विमाने बांधली गेली आणि १९७१च्या युद्धात राजस्थान सीमेवर त्यांनी चोख कामगिरी बजावली. परंतु ज्या वेगासाठी मारुत जन्मास आले, तो त्याला कधीच गाठता आला नाही.

याचा दोष एकट्या अर्थखात्यावर टाकणे अन्यायाचे होईल. परकीय चलनाची चणचण खरी होती. तथापि सांगाडा आणि इंजिन ही एकाच संकल्पाची दोन अंगे होत, हे भान निर्णयप्रक्रियेत राहिले नाही. एकास मंजुरी मिळाली, दुसरे दैवावर सोपविले गेले. रचनाकारांना जमविणे व त्यांच्या बुद्धीला वाव देणे हे कारखान्याच्या चालकांना साधले. इंजिनावर कोट्यवधी रुपये खर्चावेत की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांच्यापाशी नव्हता. तो मालकाचा, म्हणजे राज्यसंस्थेचा होता.

पुढे ४ जानेवारी २००१ रोजी भारतात आखलेले तेजस विमान बंगळूरहून उडाले, तेव्हा त्यातही इंजिन अमेरिकन होते. मारुतने विचारलेला प्रश्न चाळीस वर्षांनंतरही अनुत्तरित राहिला होता.