कडता ते हँडलिंग चार्जेस

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. गोष्ट आमच्या घरातून सुरू होते आणि खामगावच्या जुन्या कापूस बाजारात जाते.

गेल्या दिवाळीत बाबांसाठी गाडी घ्यायचं ठरलं. घरातली पहिली. कोटेशनवर एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, विमा, इथपर्यंत ठीक होतं. खाली तीन ओळी जास्तीच्या: हँडलिंग चार्जेस ७,५००, ॲक्सेसरी किट १८,०००, ‘इतर’ २,०००. विचारलं तर सेल्समन म्हणाला, "सर, सगळीकडेच असतं." मला वाटलं, जाऊ दे. बाबा मात्र कापूस पिकवणारे. त्यांनी कागद नीट वाचला आणि म्हणाले, "हे तं आपल्या कडत्यावानीच हाय रे."

कडता म्हणजे ओलावा, कचरा असं काहीतरी सांगून मालाच्या वजनातून कापलेले किलो. बाबांच्या त्या एका वाक्यामुळे मी जुना इतिहास वाचायला बसलो.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर गेली. खामगाव तेव्हा मोठी कापूस पेठ. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा छोटा रेल्वे फाटा सुरू झाला, तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढा पैसा खेळत होता. पण शेतकऱ्याच्या हातात काय पडायचं?

त्या काळी देशातल्या अनेक बाजारांत दलाल आणि खरेदीदार कापडाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो शेजारीच बसलेला, पण त्याला आकडा कळायचा नाही. मग हिशेबातून कापायला सुरुवात: अडत, दलाली, तोलाई, हमाली, धर्मादाय, कडता. गंमत बघा, यातल्या कशालाच कोणी चोरी म्हणत नव्हतं. प्रत्येक कपातीला एक सभ्य नाव होतं. आणि माल एकदा बाजारात आणला की बैलगाडी परत फिरवणं शेतकऱ्याला परवडत नव्हतं.

यावर पहिला इलाज वऱ्हाडातच झाला. १८८६ मध्ये कारंजा इथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच आला. बाजाराची जागा ठरली, समिती आली, दलाल आणि मापाऱ्यांना परवाने आले. पुढे १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली, तेव्हा नमुना म्हणून वऱ्हाड समोर होतं. त्यातली उणीवही आयोगाला दिसली: समित्यांवर व्यापाऱ्यांचं वजन, शेतकऱ्याला जागा नाही.

गाड्यांच्या बाबतीत असाच प्रकार अमेरिकेत झाला. विक्रेते किमतीत हवं ते घुसडायचे. सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीची फोड चिकटवणं कंपनीला बंधनकारक झालं. इलाज तोच. दर लपवायचे नाहीत, सगळ्यांना दिसतील असे लिहायचे.

आता आपल्या एमएच-२८ कडे येऊ. सरकारी आकड्यांना तक्ता असतो. हलक्या खासगी गाडीची नोंदणी फी ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००. हँडलिंग चार्जेस मात्र त्या तक्त्यात कुठेच नाहीत. गाडी यार्डातून आणणं, कागदं करणं हा विक्रेत्याच्या धंद्याचा भाग आहे आणि त्यासाठी कंपनी त्याला मार्जिन देतेच. विमा कुठून घ्यायचा हे आपण ठरवतो. ‘किट घेतलं तरच गाडी’ अशी अट घातली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तिला प्रतिबंधक व्यापार प्रथा म्हणतात. हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करायला फी लागत नाही.

आम्ही भांडलो नाही. एक ईमेल केला: या तीन ओळी कोणत्या नियमाखाली आहेत ते लिहून द्या, आणि प्रत्येकीची वेगळी जीएसटी पावती द्या. तिसऱ्या दिवशी नवीन कोटेशन आलं. हँडलिंग आणि ‘इतर’ गायब. किटमधले फक्त मॅट आम्ही आमच्या मर्जीने ठेवले.

बाबा खूश होते, पण गाडीमुळे नाही. घरी येताना म्हणाले, "यंदा कापूस नेला का कडत्याचीबी पावती मांगतो." व्यापारी देईल का, माहीत नाही. मी सोबत जाणार आहे.

तुमच्या कोटेशनवर कोणती अनोळखी ओळ होती, कळवा. भेटू पुढच्या भागात.